ओढून बघणाऱ्या बाई

त्या दवाखान्यात हाडांचे डॉक्टर कुठे बसतात, डोळ्यांचे कुठे, हे दारावरचा शिपाई झोपेतसुद्धा सांगेल. बाईंचा विभाग विचारलात तर मात्र आधी डोकं खाजवतो आणि मग म्हणतो, "ते खेळघर होय? सरळ जा, धोबीखान्याला लागून." बाईंनी पहिली काही वर्षं या शब्दावरून स्वतःचं डोकं पिकवून घेतलं. मग नाद सोडला.

तसा शिपायाचाही दोष नाही. आत गेलं की एक ओटा दिसतो, त्यावर शेगडी, बाजूला नळ. एक पलंग. भिंतीला टेकवलेली भली मोठी फळी, तिच्यावर कड्या, कोयंडे, कुलपं, दिव्यांची बटणं, दाराच्या मुठी. टोपलीभर कपड्यांचे चिमटे, जुने शर्ट, नाडीचे बूट, कंगवे. घरात असतं ते सगळं आहे, फक्त ते घर नाही. एकदा एका पेशंटचा मुलगा दारातूनच तणतणत आला होता, "आमच्या वडिलांना इथे उपचाराला आणलंय का मटार सोलायला?" बाई शांतपणे म्हणाल्या, "मटार सोलायलाच. तुम्हीही बसा, बराच ढीग आहे." तो बसला. वडिलांच्या वाकड्या बोटांतून पहिला दाणा सुटून टपकन भांड्यात पडला तेव्हा सगळ्यांत आधी डोळे त्याचेच भरून आले.

पाटीवर बाईंच्या नावापुढे 'ऑक्युपेशनल थेरपिस्ट' असं लिहिलेलं होतं, आणि ते वाचून कोणाच्या डोक्यात काही प्रकाश पडत नसे. बाईंना विचारलं तर त्या साधं सांगत. डॉक्टर माणूस वाचवतात; पण वाचलेल्या माणसाने सकाळी उठून करायचं काय, हा प्रश्न आमच्याकडे येतो.

म्हणून नवीन पेशंट आला की त्या हातबित काही बघत नसत. खुर्ची ओढून समोर बसत आणि म्हणत, "तुमचा दिवस सांगा. दुखणं यायच्या आधीचा." माणूस सांगायला लागे. उठायचो, अंथरुणाची घडी घालायचो, पेपर आणायचो. सगळं सांगून झालं की बाई दुसरा प्रश्न विचारत, "यातलं काय परत हवंय?" इथे पुष्कळ जण रडत. एका निवृत्त हेडमास्तरांना म्हणे स्वतःच्या मिशा स्वतः कापायच्या होत्या. त्यांच्या बायकोने कपाळावर हात मारला, "अहो, आधी चालायला लागा! मिशा काय कुठे पळून जातायत?" बाईंनी मिशांची बाजू घेतली. मिशा आधी, चालणं नंतर. आणि गंमत बघा, कात्री हातात येताच मास्तर आरशापर्यंत चालत गेलेच.

बाईंच्या दोन सवयी सगळ्या दवाखान्याला माहीत होत्या. पेशंट धडपडत असला की त्या स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे घेऊन, एकमेकांत अडकवून उभ्या राहत. कारण समोरच्याचं बटण अडलं की आपला हात आपोआप पुढे जातो, आणि तो गेला की त्या माणसाचं शिकणं तिथेच संपतं. ही झाली पहिली. दुसरी सवय म्हणजे, काम झालं की ओढून बघणं. बटण लावलं, ओढून बघ. गाठ मारली, ओढून बघ. तोंडदेखलं "वा वा" त्यांच्याकडे नव्हतं. एका पोस्टमनने घाम गाळून बुटाची नाडी बांधली आणि छाती फुगवून वर पाहिलं. बाई वाकल्या, चिमटीत धरून ओढली, नाडी सुटली. "मेहेरबान," पोस्टमन म्हणाला, "तुमच्यापेक्षा रस्त्यावरची कुत्री बरी. ती निदान अख्खा बूट नेतात." सगळी खोली हसली, बाईही हसल्या. पण नाडी त्याला पुन्हा बांधावी लागली, आणि तिसऱ्या वेळी बांधलेली गाठ खरंच पक्की होती. "इथे सुटली तर पुन्हा बांधता येते," बाई म्हणायच्या, "रस्त्यात सुटली तर माणूस पडतो." बोलणं खोटं नव्हतं. म्हणूनच तर पुढचं सगळं इतकं जिव्हारी लागतं.

बाईंचे यजमान पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवणारे. अर्ध्या बाजाराला त्यांच्या हातची अक्षरं होती, आणि एखाद्या अक्षराचं पोट जरा सुटलेलं दिसलं की पेंटर रस्ता बदलून जात, इतकी त्यांना त्याची लाज. माणूस मिश्कील, कमी बोलणारा, नखांत कायम रंग. लग्नानंतर पहिल्या मोठ्या पाटीचे पैसे आले तेव्हा त्यांनी बायकोला एक बारीक सोन्याची साखळी केली. मागे एक आकडा आणि एक कडी, बस.

कामावर साखळी चालत नसे. पेशंटचा तोल जातो, हाताला येईल ते तो धरतो. म्हणून बाई सकाळी ती काढून डबीत ठेवत आणि संध्याकाळी घरी येऊन, हातपाय धुऊन, पेंटरच्या खुर्चीसमोर स्टूल ओढून पाठमोऱ्या बसत. "लावा." पेंटर टर्पेंटाइनच्या वासाच्या बोटांनी मानेवरचे केस बाजूला करत आणि आकडा कडीत अडकवत. बाईंना स्वतःला लावता येत नव्हतं असं नाही. पण इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही लावून पाहिला नव्हता. पेंटर मुद्दाम वेळ लावायचे. "काय हो, पाटी रंगवताय का मागे?" बाई म्हणायच्या. "रंग वाळू दे," पेंटर म्हणायचे. दिवसभराचं बोलणं त्या दोघांचं तेवढंच. त्यांना ते पुरत होतं.

मग एका सकाळी रंग ढवळता ढवळता पेंटरच्या हातातून काठी गळून पडली. ती उचलायला ते वाकले आणि उजव्या अंगावर कोसळले. अर्धांगवायूचा झटका होता. जीव वाचला. उजवा हात राहिला तो असून नसल्यासारखा, आणि बोलणं एखाददुसऱ्या शब्दावर आलं.

बाईंच्या हाताखाली एक तरुण सहकारी होती, तिला सगळे 'नवी' म्हणत. येऊन बरीच वर्षं झाली तरी ती नवीच राहिली होती. ती म्हणाली, "मॅडम, काकांना मी बघते. तुम्हीच शिकवलंय ना, घरच्या माणसाला आपण बघायचं नाही म्हणून?"

"शिकवलंय," बाई म्हणाल्या. "पण हे माझ्या हातचं आहे गं. मला माहीत आहे त्यांना काय हवंय."

चूक झाली ती इथे, आणि अशी चूक करायला ऑक्युपेशनल थेरपीतली माणसंच लागतात. आलेल्या प्रत्येकाला खुर्ची ओढून विचारलेला प्रश्न बाईंनी स्वतःच्या नवऱ्याला विचारलाच नाही. पेंटरला काय परत हवं असणार? ब्रश! त्यात विचारायचं काय?

बाईंनी घर पालटून टाकलं. न्हाणीघरात धरायला दांडा आला. चमच्याला जाड मूठ आली. सदऱ्याची बटणं जाऊन चिकटपट्ट्या आल्या. जे अवघड असेल ते सोपं करायचं, हाच तर त्यांचा धंदा. त्या ओघात त्यांनी साखळीही सोनाराकडे नेली आणि आकडा काढून तिथे लोहचुंबकाचं टोक बसवून घेतलं. आता या माणसाला साखळीचा ताप कशाला? संध्याकाळी आल्या, हात धुतले, उभ्या उभ्या साखळी मानेमागे नेली. टक्. लागली. "बघा, किती सोपं झालं!" पेंटरने क्षणभर पाहिलं आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. दमले असतील, असं बाईंना वाटलं.

मग सुरू झाली ब्रशची शाळा. रोज सकाळी जाड दांड्याचा ब्रश, जुनी पाटी, आणि मागे हात बांधून उभ्या बाई. पेंटरच्या हातून रेघ कुठल्या कुठे जायची. ज्यांनी उभा जन्म पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ ओढली, त्यांना स्वतःची ती रेघ रोज बघावी लागत होती. बाईंना मात्र तिच्यात प्रगती दिसत होती. "कालच्यापेक्षा बरी आहे. पुन्हा."

भावाला बघायला पेंटरची थोरली बहीण राहायला आली होती. अक्का. तोंडाने फटकळ, मनाने लोणी. जेवताना पेंटरच्या चमच्यातून सांडायला लागलं की अक्कांचा जीव वरखाली व्हायचा. एकदा त्यांनी चमचा हिसकावून घेतला आणि भावाला भरवायला लागल्या.

"अक्का, चमचा त्यांना द्या."

"अगं, पोटात काही जातच नाहीये त्याच्या! नुसती छाती भिजवतोय."

"भिजू दे. तुम्ही भरवलंत तर हात कायमचा बसेल."

"आणि तू अशी हात मागे बांधून उभी राहिलीस तर माणूस बसेल!" अक्का कडाडल्या. "नवरा आहे तुझा. पेशंट नव्हे."

स्वयंपाकघरात जाऊन बाईंनी नळ सोडला आणि भरपूर रडून घेतलं. हात पुढे करायचा नाही, यासाठी त्यांना आयुष्यात एवढी ताकद कधी लागली नव्हती, आणि हे त्या अक्कांना कोणत्या तोंडाने सांगणार होत्या? बाहेर आल्या तेव्हा हात पुन्हा मागे होते.

शेवटी पेंटरनेच संप पुकारला. एका सकाळी त्यांनी ब्रश डाव्या हाताने उचलला आणि खिडकीतून बाहेर भिरकावून दिला. "नको," ते म्हणाले. त्यानंतर बाईंनी कितीही समजावलं, कितीही चिडल्या, तरी उत्तर एकच. नको. चमचाही नको, दांडाही नको. खुर्चीत बसून नुसतं खिडकीबाहेर बघत राहायचं. तेव्हा मात्र बाईंनी हात टेकले. ज्या दारातून त्यांनी दुसऱ्यांची माणसं आत घेतली होती, त्याच दारातून त्या आपलं माणूस घेऊन गेल्या आणि नवीला म्हणाल्या, "तू बघ. माझ्याच्याने होत नाही."

नवीने त्यांना पडद्यापलीकडे बसायला सांगितलं. बाई चिमट्यांची टोपली मांडीवर घेऊन बसल्या. पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"काका, तुमचा दिवस सांगा. आधीचा."

बराच वेळ काही नाही. नवी थांबून राहिली. थांबायला तिला बाईंनीच शिकवलं होतं. मग पेंटर एकेक शब्द शोधून काढायला लागले. चहा. रंग. शिडी. उन्हं. घर. नवीने विचारलं, "यातलं काय परत हवंय, काका? ब्रश?"

"नको. झालं ते. पुष्कळ." मग थांबून, "साखळी."

"कसली साखळी?"

"हिची. गळ्यातली. संध्याकाळी... ही बसायची. पाठमोरी." पुढचा शब्द सापडायला फार वेळ लागला. "काढून टाकली हिने. ते काम. माझ्याकडचं."

पडद्याआड बाईंनी ते ऐकलं. इतके महिने त्या या माणसाला नसलेल्या कामाकडे ढकलत होत्या, आणि असलेलं एकुलतं एक काम त्यांनी स्वतःच्या हाताने सोनाराकडे नेऊन उपटून टाकलं होतं. वर त्याला म्हणाल्या होत्या, बघा, किती सोपं झालं.

त्याच संध्याकाळी त्या सोनाराकडे गेल्या. चुंबक काढा, आकडा लावा. जातीच्या थेरपिस्ट, त्यामुळे "जरा मोठा लावा" असंही सांगून बसल्या. घरी आणल्यावर पेंटरने तो आकडा बोटाने उलटासुलटा केला आणि मान हलवली. "जुना." सोनाराकडे आणखी एक फेरी झाली.

आता पेंटर विभागात स्वतःहून जायला लागले. नवीने तक्क्याला एक दोरी बांधून दिली, तिला आकडा आणि कडी. आधी मोठा आकडा, मग लहान. डाव्या हाताने कडी धरायची, उजव्याच्या अंगठ्याने आकडा ढकलायचा. उजवी बोटं ऐकायची नाहीत, मग पेंटर त्यांच्याकडे असे रागाने बघायचे की नवीला हसू फुटायचं. ज्या हाताने ब्रश भिरकावला होता, तोच आता थकल्यावर "पुन्हा" म्हणून खूण करायचा. चमचाही त्यांनी आपण होऊन उचलला. अक्का म्हणाल्या, "या माणसाला आधी नीट विचारलं असतं तर माझी इतकी भांडणं वाचली असती."

आणि रोज संध्याकाळी बाई हातपाय धुऊन स्टुलावर पाठमोऱ्या बसायला लागल्या. आता हात मागे नेता येत नव्हते. पाठीमागची जागा पेंटरची होती. म्हणून ते मांडीवर. मागे काय चाललंय ते दिसत नसे. मानेवर फक्त बोटं कळायची, एक हात ऊबदार, एक जड. साखळी घसरायची, ओटीत पडायची, बाई न वळता ती खांद्यावरून मागे द्यायच्या. "काय हो, पाटी रंगवताय का?" त्यांनी एकदा विचारलं. मागून खूप वेळाने आवाज आला, "वाळू दे." त्या घरात किती दिवसांनी दोघं एकदम हसली. आकडा काही लागत नव्हता, पण त्या संध्याकाळी खरंच सुखाच्या होत्या. हे बाईंनी नंतर स्वतःला पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं.

एके संध्याकाळी बोटं मानेवर नेहमीपेक्षा जास्त वेळ रेंगाळली. पेंटरचा श्वास मोठ्याने यायला लागला. मग काहीतरी बारीक हललं, साखळीचा भार एका जागी आला, आणि बोटं दूर झाली. साखळी पडली नाही.

आकडा लागला होता.

बाईंना ते कातडीला कळलं. त्यांनी "लागला!" असं म्हणायला हवं होतं. वळून त्या माणसाकडे बघायला हवं होतं. पण तोंड उघडायच्या आधी त्यांचा हात मांडीवरून उठला, मानेमागे गेला आणि त्याने साखळी चिमटीत धरून ओढली. जन्मभर ओढत आला तशी. आकड्याचं नुसतं टोक कडीत गेलं होतं. साखळी सरसरत गळ्यावरून खाली आली आणि ओटीत पडली.

बाई वळल्या. पेंटर स्वतःच्या बोटांकडे बघत होते, जणू त्यांचंच काही चुकलं असावं. "नाही लागला," ते म्हणाले. मग बायकोचा चेहरा बघून तिलाच समजावल्यासारखं म्हणाले, "राहू दे. उद्या."

सांगायचं बाईंच्या अगदी ओठावर आलं होतं. अहो, लागला होता, मी ओढला म्हणून सुटला. पण त्यांना वाटलं, आता म्हटलं तर हे समजूत काढल्यासारखं होईल. यांचा विश्वास बसणार नाही. त्यापेक्षा उद्या लागू दे. उद्या हात मांडीखाली दाबून बसेन, ओढणार नाही, आरसा आणून दाखवीन. त्यांनी साखळी डबीत ठेवली आणि जेवणाचं बघायला गेल्या.

पेंटरला दुसरा झटका सकाळी तोंड धुताना आला. दुपारपर्यंत सगळं आटोपलं. डोळे उघडले नाहीत, की शब्द निघाला नाही. बाई त्यांच्या कानाशी वाकून तेवढं एकच सांगत राहिल्या, पण ऐकणारं तिथे कोणी उरलं नव्हतं.

माणसं येऊन गेली, घर रिकामं झालं. अक्का मात्र मागे थांबल्या. एका दुपारी त्यांनी कपाटातून डबी काढली आणि म्हणाल्या, "गळा अगदी ओकाबोका दिसतोय गं. त्याने हौसेने केलेली आहे. वळ, मी लावते."

"नको अक्का."

"मग तू लाव."

"लागला होता, अक्का," बाई म्हणाल्या. इतके दिवस कोरडे राहिलेले डोळे आता वाहायचे थांबेनात. "त्यांनी लावला होता. मीच ओढला. त्यांना वाटलं, नाही जमलं आपल्याला. तसंच वाटत गेले ते."

"त्याला कळलं असेल गं..."

"नव्हतं कळलं. मी चेहरा बघितलाय त्यांचा."

फटकळ अक्कांनी डबी बंद केली आणि भावजयीच्या पाठीवरून हात फिरवत बसून राहिल्या. साखळी डबीतच राहिली.

बाई कामावर परत गेल्या. ओटा, फळी, टोपली, सगळं जागच्या जागी. नवीन पेशंटला अजूनही त्या खुर्ची ओढून दोन्ही प्रश्न विचारतात, आणि उत्तर आपल्याला माहीत आहे असं वाटलं तर दोनदा विचारतात. हात अजूनही मागे असतात.

परवा एक शिवणकाम करणाऱ्या मावशी आल्या होत्या, मनगट मोडून बसलेल्या. कितीतरी खटपट करून त्यांनी झंपराच्या गळ्याचं बारीक हूक लावलं आणि घाम पुसत म्हणाल्या, "घ्या. आता ओढा. बाहेर सगळे सांगतात, या बाई ओढून बघितल्याशिवाय सोडत नाहीत."

"लागलंय," बाई म्हणाल्या.

"अगं बाई! न बघताच?"

नवी मागे उभी होती. पाठीमागे बाईंचा एक हात दुसऱ्याचं मनगट इतकं आवळून धरत होता की बोटं पांढरी पडली होती, हे तिला दिसत होतं. मावशी अगदी हातभर अंतरावर बसल्या होत्या आणि त्यांना चांगलं ऐकू येत होतं. तरी बाईंनी ते पुन्हा एकदा म्हटलं, आधीपेक्षा मोठ्याने, आपल्या मागे कोणी बसलेलं असावं आणि त्याला ऐकू जावं अशा आवाजात.

"लागलंय हो. पक्कं लागलंय."